नेहमीचा आकडा, तरीही धोक्याचा

धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या आरोग्य केंद्रात पंचविशीतल्या माणसाचा रक्तदाब १२८/८२ भरला, तर कोणी दचकत नाही. १४० च्या आत आहे ना, मग ठीक! पण तो माणूस सिकलसेलचा रुग्ण असेल, तर हाच आकडा काळजीचा ठरतो. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबारची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे आणि भिल्ल, पावरा अशा समाजांत सिकलसेल पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. म्हणून ही गोष्ट इथल्या प्रत्येक उपकेंद्राला माहीत असायला हवी.

या आजारात प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. मूत्रपिंडाच्या आतल्या गाभ्यात प्राणवायू मुळातच कमी, आम्लता जास्त आणि क्षार दाट. पेशी वाकायला इतकी अनुकूल जागा शरीरात क्वचितच असेल. तिथल्या केशवाहिन्या तुंबत गेल्या की लघवी घट्ट करण्याची ताकद लहानपणीच ओसरते. पाणी आणि मीठ वाहून जाते. त्यात रक्तक्षयामुळे रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात. परिणामी या रुग्णांचा रक्तदाब त्यांच्या वयाच्या इतरांपेक्षा कमीच राहतो.

तो इतरांच्या बरोबरीला आला, की शरीरात काहीतरी बिघडत चालल्याची शंका घ्यावी. अमेरिकेतील रुग्णांच्या दीर्घ पाहणीतून १९९७ साली दिसले, की त्यांच्यात रक्तदाब जसा चढतो तसा पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. २००८ च्या अभ्यासाने वरचा १२० ते १३९ किंवा खालचा ७० ते ८९ या पट्ट्याचा संबंध मूत्रपिंडाच्या दुबळेपणाशी आणि फुप्फुसातील वाढलेल्या रक्तदाबाशी जोडला. हृदयाचे काम तर आधीच वाढलेले असते, कारण रक्त पातळ असल्याने ते दर मिनिटाला जास्त रक्त फेकत राहते. अमेरिकेतील रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये अशा प्रौढांसाठी १३०/८० किंवा त्याखालचे लक्ष्य सुचवले.

हे अभ्यास मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या रुग्णांवरचे आहेत. भारतातल्या अनेक रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकून राहते आणि आजार काहीसा सौम्य असतो. तेव्हा सातपुड्यातल्या रुग्णांसाठी धोक्याची रेषा नेमकी कुठे ओढायची, हे इथेच वर्षानुवर्षे मोजून ठरवावे लागेल. तोवर प्रत्येक रुग्णाच्या कार्डावर त्याचा स्वतःचा नेहमीचा रक्तदाब लिहिलेला असावा, असे मला ठामपणे वाटते.

मूत्रपिंडे तपासताना रक्तातल्या क्रिएटिनिनवर मात्र विसंबू नये. तरुण वयात या रुग्णांची मूत्रपिंडे गाळण्याचे काम गरजेपेक्षा जास्त करतात आणि क्रिएटिनिनही जास्त बाहेर टाकतात. त्यामुळे नुकसान सुरू झाले तरी रिपोर्ट चांगलाच येतो. लघवीतले अल्ब्युमिन आधी बोलते. ते सापडल्यास एनालाप्रिल किंवा लोसार्टनसारखी औषधे गळती कमी करतात; पोटॅशियम तपासत राहावे लागते आणि गरोदरपणी ती चालत नाहीत.

ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न आणखी अवघड आहे. उन्हात पाणी कमी पडले, की पेशी वाकून सांधे ठणकतात आणि दुकानातून डायक्लोफिनॅकसारखी गोळी घेतली जाते. ती मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करते. फडावर निघालेल्या रुग्णाला हे आरोग्यसेविकेने निघण्यापूर्वीच सांगायला हवे.