मोबाइल घरात आला; किल्ली कुणाच्या हाती?

केज हे तालुक्याचे गाव. तहसील कचेरीत दाखला काढायला, बँकेत पैसे उचलायला, पोराच्या प्रवेशाचे पाहायला तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवरून माणसे येथे येतात. पूर्वी ही माणसे अर्ज लिहून देणाऱ्याच्या टेबलापाशी उभी असत. आता ऑनलाइन सेंटरपाशी उभी असतात. उभे राहणे तेच आहे. टेबलावर कागदाच्या जागी संगणक आला, एवढेच.

या रांगेत, चहाच्या टपरीवर आणि एस.टी.च्या बाकड्यावर मोबाइल-संगणकाविषयी नाना मते कानावर पडतात. "नातू अजून नीट बोलत नाही, पण मोबाइल कसा चालवतो बघा!" "एमएससीआयटी केली की नोकरी पक्की." "या कॉम्प्युटरनेच नोकऱ्या खाल्ल्या." "सगळे ऑनलाइन झाले, अन् गरिबाचे मरण झाले." "पोरीच्या हातात मोबाइल नको." ही मते टाकाऊ नाहीत. प्रत्येकामागे कुणाचा तरी अनुभव आहे. परंतु याच मतांवर आपण मुलांचे शिक्षण ठरवतो आणि पोटाला चिमटा काढून साठवलेला पैसा खर्च करतो. म्हणून ती एकेक करून तपासावीत, असे आम्हाला वाटते.

चालवणे वेगळे, येणे वेगळे

नातू मोबाइल चालवतो यात नातवाची हुशारी थोडी आणि कंपनीची जास्त. लहान मुलालाही चालवता यावे असाच तो बनवलेला असतो. बोट फिरवले की चित्र बदलते. पण कचेरीत, बँकेत, कारखान्याच्या ऑफिसात जे काम चालते ते बोट फिरवून होत नाही. तेथे मराठीत पत्र टाइप करावे लागते, आकड्यांचा तक्ता मांडावा लागतो, हिशेब जुळवावा लागतो, फाइल योग्य नावाने योग्य ठिकाणी ठेवावी लागते. दिवसाचे चार तास मोबाइल पाहणाऱ्या बारावीच्या मुलाला स्वतःचा अर्ज टाइप करून दाखव म्हटले, तर तो गोंधळतो.

याचा फटका कोठे बसतो? परीक्षेत. इंजिनिअरिंग आणि फार्मसीच्या प्रवेशाची राज्याची सीईटी २०१९ पासून संगणकावर होते. २०२३ सालची तलाठी भरती संगणकावर झाली. बँक आणि रेल्वेच्या परीक्षांचेही तसेच. शहरातले मूल लहानपणापासून माऊस हाताळते. आपल्या मुलाचा हात परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा माऊसवर पडला, तर येणारे उत्तरही चुकते.

यंत्र असणे आणि विद्या असणे यांतला फरक सांगणारे एक उदाहरण आपल्याच राज्यात घडले. ऐंशीच्या दशकात भारताला अमेरिकेकडून महासंगणक हवा होता. जसा हवा तसा द्यायला अमेरिकेने नकार दिला. तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. यंत्र विकत मिळेना, तेव्हा विद्या उभी केली. मग यंत्र आपोआप आले. आपल्या घरात मात्र उलटे चालले आहे. यंत्र हप्त्याने आले, विद्या यायची राहून गेली.

एमएससीआयटी ही पायरी आहे, मुक्काम नव्हे

२००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि एमएससीआयटीचे वर्ग गावोगाव पोचले. प्रमाणपत्रावर राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचे नाव असते. राज्य सरकारच्या अनेक पदांसाठी ते किंवा त्याच्या तोडीचे प्रमाणपत्र लागते. ते जरूर घ्यावे. पण त्यातून संगणकाची तोंडओळख होते. संगणकाचा धंदा येत नाही. सायकल शिकल्याने कुणी मेकॅनिक होत नाही, तसेच हे आहे.

ज्याला याच क्षेत्रात जायचे आहे त्याच्यासाठी वाटा आहेत आणि त्या सगळ्याच महागड्या नाहीत. आयटीआयमध्ये 'कोपा' नावाचा एक वर्षाचा संगणक ऑपरेटरचा कोर्स आहे. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची संगणक पदविका करता येते आणि ती चांगल्या गुणांनी झाली, तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. बीड येथे शासकीय तंत्रनिकेतन आहे. बारावीनंतर बीसीए किंवा बीएस्सीचा मार्ग आहे. छत्रपती संभाजीनगरला आपल्या विद्यापीठाच्या आवारात 'नाइलिट' ही केंद्र सरकारची संस्था आहे. तेथील काही अभ्यासक्रमांत अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना फीची सवलत मिळते. खासगी क्लासच्या पाटीवर "शंभर टक्के नोकरी" लिहिलेले वाचून पैसे भरण्याआधी या सरकारी दारांवर चौकशी करावी.

नोकऱ्या खाल्ल्या, हे खरे की खोटे?

अर्धे खरे. ऐंशीच्या दशकात बँकांत संगणक आणायचे ठरले तेव्हा कर्मचारी संघटनांनी विरोध केला होता. नोकऱ्या जातील ही त्यांची भीती उगाच नव्हती. खातेवही लिहिणारा कारकून गेला, टाइपरायटरची खटखट थांबली. त्याच काळात गावोगाव पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ निघाले. कित्येक अपंग बांधवांचा संसार त्यावर चालला. मोबाइल आला आणि तेही बंद पडले. आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. नुसती माहिती भरण्याचे आणि ठरावीक पत्रे लिहिण्याचे काम ती करू लागली आहे. म्हणजे जे काम रोज तेच ते असते त्यावर आधी गदा येते. हे ओळखूनच मुलाला शिकवावे. फक्त बटणे दाबायला शिकवले, तर उद्या बटण दाबायलाही माणूस लागणार नाही. गणित, भाषा आणि विचार करण्याची सवय मात्र जुनी होत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. संगणक क्षेत्रातल्या बहुतेक नोकऱ्या खासगी कंपन्यांत आहेत आणि तेथे आरक्षण नाही. ते असावे, ही मागणी जुनी आहे आणि ती लावून धरलीच पाहिजे. परंतु मागणी मान्य होईपर्यंत आपल्या मुलांना त्या दारातून आत जायचे आहे ते कसबाच्या आणि इंग्रजीच्या बळावर. वडिलांच्या पिढीला एका नोकरीने तारले. मुलांच्या पिढीला सतत शिकत राहण्याची सवय तारणार आहे.

एका बंद सिमकार्डाची किंमत

आता "ऑनलाइन झाले अन् गरिबाचे मरण झाले" या मताकडे येऊ. शिष्यवृत्तीचेच पाहा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. तिच्यामागे बाबासाहेबांचे प्रयत्न होते. तेव्हा ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. तिच्याच आधारावर आपल्यातील पहिल्या पिढ्या कॉलेजात गेल्या. आज तिचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो आणि दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. अर्ज भरताना आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. पैसेही आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच जमा होतात.

येथेच गाडी अडते. आपला बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या उन्हाळ्यात परततात. आधार काढताना दिलेला नंबर आजोबांच्या जुन्या बटणाच्या फोनचा असतो. रिचार्ज परवडत नाही, फोन पेटीत पडून राहतो. ट्रायच्या नियमानुसार ९० दिवस नंबराचा काहीच वापर झाला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. पुढे तोच नंबर दुसऱ्या कुणाला दिला जातो. मग मुलीच्या शिष्यवृत्तीचा ओटीपी अनोळखी माणसाच्या मोबाइलवर जातो आणि मुलगी सेंटरच्या बाहेर रडत बसते. कॉलेजवाले फी मागतात, बाप मुकादमाकडून उचल घेतो. सिमकार्ड बंद पडल्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

यावर उपाय अवघड नाही. फोनच्या खात्यात २० रुपये शिल्लक असले तरी नंबर राखता येतो. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम केला, त्यामुळे इंटरनेट नको असलेल्या ग्राहकासाठी फक्त बोलणे आणि मेसेज एवढ्याचेच पॅक कंपन्यांना द्यावे लागतात. आजोबांच्या फोनला महागडा पॅक मारण्याची गरज नाही. नंबर बदललाच असेल तर आधार केंद्रावर जाऊन तो आधी आधारमध्ये बदलून घ्यावा. अर्जाची मुदत संपत आल्यावर धावपळ करू नये.

बँकेचीही एक खोच आहे. नुसती आधारची झेरॉक्स बँकेत दिली म्हणजे अनुदानासाठी खाते जोडले गेले, असे नव्हे. त्यासाठी वेगळी संमती द्यावी लागते. आणि खाती दोन-तीन असतील, तर पैसे त्या खात्यात जातात जे सर्वांत शेवटी जोडले गेले. "पैसे आलेच नाहीत" अशी तक्रार करणाऱ्यांपैकी काहींचे पैसे त्यांच्याच दुसऱ्या खात्यात पडलेले असतात.

झिजलेला अंगठा

आधारची सुरुवात आपल्याच राज्यात झाली, २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. पुढे रेशन दुकानात अंगठ्याचे यंत्र आले. त्याचा फायदाही झाला. जानेवारी २०२० मध्ये बारा राज्यांत एकच रेशन कार्ड चालू लागले. त्यांत महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही होते. केज तालुक्यातला कामगार कर्नाटकात ऊस तोडत असताना तेथल्या दुकानातून धान्य उचलू शकतो. हा हक्क अनेकांना अजून ठाऊक नाही.

परंतु कोयता धरून, मोळ्या बांधून ज्याच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्या त्याचा अंगठा यंत्र ओळखत नाही. श्रमाची खूणच हक्काच्या आड येते. अशा वेळी दुकानदार "नंतर या" म्हणतो. हे चालवून घेऊ नये. अंगठा उमटला नाही एवढ्यावरून खऱ्या लाभार्थ्याला धान्य नाकारू नये, असे केंद्राचे निर्देश आहेत. बुबुळाची किंवा ओटीपीची सोय मागावी. सर्वोच्च न्यायालयानेही २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात, आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला लाभापासून वंचित ठेवता येणार नाही, असे म्हटले आहे.

दाखल्यांसाठी तर २०१५ पासून महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा आहे. किती दिवसांत कोणती सेवा द्यायची हे ठरलेले आहे. उशीर झाला किंवा विनाकारण नाकारले तर कचेरीतच पहिले आणि दुसरे अपील करता येते, तिसरे अपील आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. मात्र अपील करायला हातात अर्जाची पोचपावती हवी. म्हणून सेंटरवर पैसे दिले की छापील पावती आणि अर्ज क्रमांक घेतल्याशिवाय पायरी उतरू नये.

मुलीच्या हाती मोबाइल नको?

या मतामागे आईबापांची काळजी आहे, हे आम्ही जाणतो. परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे पाहा. देशात शंभरांतल्या ५७ पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. महिलांत हे प्रमाण ३३ होते. ज्या घरात फोन एकच असतो तेथे तो मुलाच्या खिशात जातो आणि मुलीचा अर्ज राहून जातो. धोका मुलालाही तितकाच आहे. जुगाराचे खेळ आणि झटपट कर्जाच्या जाळ्यात मुलेही अडकतात. बंदी एकीवर आणि मोकळीक दुसऱ्याला, हा न्याय नव्हे. दोघांना सारखे नियम लावा आणि दोघांना सारखे शिकवा. आमच्या पाहण्यात असे आहे की ज्या घरात मुलगी फॉर्म भरायला शिकली तेथे सगळ्या गल्लीचे काम अडायचे थांबले.

विहारात एक संगणक

सरकारकडे मागायचे ते मागू या: केजसारख्या ठिकाणी परीक्षा केंद्र, प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत चालू स्थितीतला संगणक, अंगठा न उमटणाऱ्यांसाठी कायमची सोय. पण काही गोष्टी उद्यापासून आपल्या हाती आहेत.

घरातल्या एका तरी माणसाने, शक्यतो दोघांनी, अर्ज भरणे शिकून घ्यावे. एका वहीत आधारशी जोडलेला नंबर, बँकेचे नाव, अर्ज क्रमांक आणि मुदतीची तारीख लिहून ठेवावी. ओटीपी आणि पिन मात्र वहीतही लिहू नये आणि कुणाला सांगूही नये. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, तो फक्त देण्यासाठी लागतो, एवढे आजीलाही सांगून ठेवावे. फसवणूक झालीच तर तासाभरात १९३० या क्रमांकावर फोन करावा. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीच्या आधीच करावा. मुलाला बाहेरगावी वसतिगृह मिळाले नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा अर्ज भरावा.

आणि एकट्याला परवडत नसेल तर दहा घरांनी मिळून एक जुना संगणक घ्यावा आणि विहारात ठेवावा. नवा महागडा मोबाइल घेण्यापेक्षा हा खर्च माणशी किती तरी कमी पडतो. गावातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी रविवारी दोन तास बसून लहानांना मराठी टायपिंग, हिशेबाचा तक्ता आणि अर्ज भरणे शिकवावे. विहारात लहानांना अक्षरे गिरवायला शिकवणारे आपल्यात अनेक होऊन गेले. त्यांनी पाटी दिली, आपण कळफलक देऊ. वाचकहो, येत्या रविवारी विहारातील बैठकीत हा एकच विषय घ्यावा, एवढीच आमची विनंती आहे.