जुन्या ट्रकच्या इंजिनाची ताकद

कर्ज काढून जुना ट्रक घेतला आणि तो घाटात ओढत नाही असे दिसले, की बहुतेक मालक डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून घेतात. काम जवळजवळ फुकटात होते. परंतु हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, त्यामुळे ते अर्धवट जळते, काळा धूर निघतो, पिस्टन तापतात आणि हप्त्याचे पैसे डिझेलात जातात.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. म्हणून प्रथम प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. ते उतरले असल्यास रिंगा, लायनर व व्हॉल्व्ह यांवर पैसा घालावा, नोझल तपासून घ्यावेत.

बोअर वाढवून ताकद येते, हा समज मात्र सोडावा. टाटाच्या ६९२ इंजिनाचा बोअर ९२ मिलिमीटर. तो अर्धा मिलिमीटर वाढवला तर घनफळ जेमतेम १ टक्का वाढते. (विद्यार्थ्यांनी वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या सूत्राने पडताळून पाहावे.) खरी वाढ टर्बोचार्जरने होते, कारण तो जास्त हवा कोंबतो. पण मग पिस्टन, ऑइलचा पुरवठा, रेडिएटर सगळेच तपासावे लागते. शिवाय गाडीच्या मूळ बनावटीतील फेरफारावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे बंधन आहे.