गादी ग्रंथाला, अर्थ माणसाकडे

गादी मिळवणाऱ्यांच्या कथांना इतिहासात तोटा नाही. मिळालेली गादी आपल्यानंतर कोणाही माणसाला बसता येणार नाही, अशी व्यवस्था करून जाणारा मात्र विरळाच. ऑक्टोबर १७०८ मध्ये, गोदावरीकाठच्या नांदेडात, शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांनी ते केले. बादशहा बहादूरशहाच्या छावणीबरोबर ते दक्षिणेत उतरले होते. इथेच एका पठाणाने त्यांच्यावर वार केला आणि ती जखम जिवावर बेतली. जाण्यापूर्वी त्यांनी सांगितले, की यापुढे देहधारी गुरू नाही. ग्रंथ हाच गुरू.

चारही मुलगे आधीच मारले गेले होते, वारस उरला नव्हता, म्हणून ग्रंथाला गादी दिली, असे कोणी म्हणेल. पण तो हिशेब पुरा पडत नाही. खुद्द गुरू नानकांनी आपले मुलगे बाजूला ठेवून अंगद या शिष्याला गादी दिली होती. म्हणजे घराबाहेरचा लायक माणूस निवडण्याची वाट पंथात पहिल्यापासून होती. गोविंदसिंगांनी ती घेतली नाही. त्यांनी जाणूनबुजून दार लावले.

आधीची तयारी

दार एका दिवसात लागले नव्हते. गावोगावच्या शिखांकडून दसवंध, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, गोळा करायला मसंद नेमलेले असत. पुढे हे मसंद स्वतःच छोटे गुरू होऊन बसले, पैसा खाऊ लागले, संगतीला, म्हणजे शिष्यसमुदायाला, नाडू लागले. गोविंदसिंगांनी मसंदांची पद्धतच मोडीत काढली आणि संगतीने थेट गुरूशी नाते ठेवावे असे फर्मावले.

१६९९ च्या वैशाखीला आनंदपूरला खालसा पंथ उभा राहिला. गुरूंनी मागितल्यावर शीर द्यायला पुढे आलेल्या पाच जणांत, म्हणजे ‘पंज प्यारे’ मंडळींत, एक होते भाई साहिबसिंग, लातूर-नांदेडला लागून असलेल्या बिदरचे, जातीने न्हावी. त्या पाचांना अमृत दिल्यावर गुरूंनी हात जोडून त्यांच्याकडूनच स्वतः अमृत घेतले. खालसाच्या संस्थापकाने आपल्याच शिष्यांकडून दीक्षा घ्यावी, हे दृश्य आजही थबकायला लावते.

परंपरेत सांगितली जाणारी आणखी एक गोष्ट तर त्याहून बोलकी आहे. दक्षिणेच्या वाटेवर राजस्थानात नरैनाला संत दादू दयाळांचे स्थान लागले. गुरूंनी बाण उचलून समाधीला नमस्कार केला. बरोबरच्या शिखांनी तिथल्या तिथे हरकत घेतली: समाधीपुढे वाकू नये हे तुम्हीच आम्हाला शिकवले, मग हे काय? गुरूंनी चूक कबूल केली, दंड भरला आणि सांगितले, की तुम्ही जागे आहात की नाही हे मी पाहत होतो. प्रश्न विचारणारा शिष्य इथे उद्धट ठरत नाही. तो परीक्षेत उतरतो.

ग्रंथ बोलतो, पण कोणाच्या तोंडून?

गादीवर बसला तो ग्रंथही एका माणसाचा नाही. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी त्याचे पहिले संकलन केले. आजच्या छापील प्रतीत १४३० पाने आहेत. त्यात गुरूंच्या बरोबरीने कबीर आहेत, शेख फरीद आहेत आणि आपले नामदेवही आहेत. नामदेवांची ६१ पदे त्यात आहेत. ज्या नरसी गावाशी त्यांचे नाव जोडले जाते ते शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, नांदेडहून फार लांब नाही.

पण ग्रंथाला गुरू केले म्हणून वाद मिटतात असे नाही. ग्रंथ वाचावा लागतो, त्याचा अर्थ लावावा लागतो आणि ते काम माणूसच करतो. पहिली कसोटी लगेच आली. नांदेडलाच मठ करून राहिलेले माधोदास बैरागी गुरूंना भेटून बंदासिंग झाले आणि पंजाबात जाऊन त्यांनी मोगलांना हादरवले. १७१६ मध्ये त्यांना दिल्लीत हाल हाल करून मारल्यावर काही अनुयायी त्यांनाच गुरू मानू लागले. या बंदई खालसाचा आणि ग्रंथालाच गुरू मानणाऱ्या तत्त खालसाचा तंटा अमृतसरला भाई मणिसिंगांनी सोडवला. दोन्ही पक्षांच्या चिठ्ठ्या सरोवरात सोडल्या आणि तत्त खालसाची चिठ्ठी आधी वर आली, असे परंपरा सांगते.

नामधारी शीख मात्र आजही देहधारी गुरू मानतात. त्यासाठी त्यांना नांदेडची घटनाच वेगळी सांगावी लागते. त्यांच्या श्रद्धेनुसार गोविंदसिंगांचा देहान्त नांदेडला झालाच नाही. ते नाव बदलून पुढे कित्येक वर्षे जगले आणि गादी बालकसिंगांना देऊन गेले. सिद्धांत बदलायचा तर इतिहासही बदलावा लागतो, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

कोण बदलले?

नांदेडचे सचखंड श्री हुजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक. आजची मुख्य वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवून घेतली. इथे रोज पहाटेआधी गोदावरीतून गागर भरून आणतात. दिवाळीच्या तोंडावर ‘तख्त स्नान’ होते: संगत नदीचे पाणी वाहून आणते, तख्त धुतले जाते, गुरूंची शस्त्रे उजळली जातात. संध्याकाळी दिवे ओवाळून आरती होते. गुरू ग्रंथ साहिबाबरोबर, गोविंदसिंगांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दशम ग्रंथाचाही ‘प्रकाश’ होतो, म्हणजे तोही विधिवत उघडून मांडतात.

शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९४५ मध्ये पक्की केलेली ‘शीख रहत मर्यादा’ समोर ठेवली, तर यातले काही बसत नाही. दिवे-धूप ओवाळून आरती नको, गुरू ग्रंथाच्या तोडीने दुसरा ग्रंथ मांडू नये, असे ती सांगते. पंजाबात १८७३ पासून सिंग सभेच्या सुधारकांनी जे जे हिंदू वळणाचे वाटले ते बाजूला काढले. ती लाट निजामाच्या राज्यातल्या नांदेडपर्यंत फारशी पोचली नाही. म्हणून हुजुरी शीख म्हणतात, की आम्ही जुनी रीत राखली, बदललात तुम्ही. सुधारक म्हणतात, रीत जुनी असेल, पण गुरूंच्या शिकवणीशी ताडून पाहा. दोघेही दाखला गुरूंचाच देतात.

लातूरकडचा पेच

संस्थापकाचा दाखला देत भांडण्याचा हाच पेच शेजारच्या लातूरकडच्या लिंगायतांतही दिसतो. निलंग्याहून दक्षिणेला कर्नाटकाची सीमा ओलांडली की बसवकल्याण. बाराव्या शतकात तिथे महात्मा बसवेश्वरांनी इष्टलिंग प्रत्येकाच्या गळ्यात घालून देऊळ आणि पुजारी या दोघांचीही मध्यस्थी संपवली. पुढे त्याच लिंगायत समाजात मठ आले, स्वामी आले, पीठे आली. पंचाचार्यांना मानणारे म्हणतात, धर्म बसवण्णांच्याही आधीचा. वचनांना प्रमाण मानणारे म्हणतात, धर्माची सुरुवातच बसवण्णांपासून. लातूरच्या लिंगायत घरांत तर आणखी एक धागा आहे: मन्मथस्वामींच्या मराठी ‘परमरहस्य’चे पारायण आणि कपिलधारची यात्रा.

३ सप्टेंबर २०१७ ला लातुरात स्वतंत्र धर्माच्या मान्यतेसाठी लिंगायतांचा प्रचंड मोर्चा निघाला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने लिंगायत धर्मगुरू माते महादेवींच्या ‘वचन दीप्ती’ या पुस्तकावरील कर्नाटक सरकारची १९९८ ची बंदी कायम केली. बसवण्णांच्या वचनांतली ‘कूडलसंगमदेव’ ही नाममुद्रा काढून त्यांनी ‘लिंगदेव’ घातली होती. पहिल्या महिला जगद्गुरू म्हणून ज्यांनी स्वतः जुनी चौकट मोडली, त्यांनाच भक्तांनी विचारले, की संस्थापकाचे शब्द बदलण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? मोर्च्याच्या मागणीचा निवाडा पुढे सरकारदरबारीच झाला. कर्नाटक सरकारने मार्च २०१८ मध्ये शिफारस केली, केंद्राने ती मानली नाही. धर्म कोणता हे आता सरकारी फायलीत ठरू लागले होते.

नांदेडलाही सरकार दूर नाही. गुरुद्वाऱ्याचा कारभार हैदराबाद राज्याच्या १९५६ च्या कायद्याने चालतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने नव्या कायद्याला मंजुरी दिली. मंडळाच्या १७ जागांपैकी १२ जागी सरकारने नेमलेले सदस्य येणार, हे कळताच शीख संस्था खवळल्या आणि सरकारला थांबावे लागले.

तीनशे वर्षांपूर्वीचे मसंद काय, मठाधिपती काय किंवा आजचे नेमलेले सदस्य काय, माणसाची सत्ता एका दारातून घालवली की दुसऱ्या दाराने आत येते. तिला कायमचे बाहेर ठेवणारा ग्रंथ अजून लिहिला गेलेला नाही. म्हणून एखाद्या पंथाची प्रकृती पाहायची असेल तर तिथे गुरू आहे की नाही हे विचारून भागत नाही. तिथला साधा भक्त उभा राहून ‘हे तुम्ही कशाच्या आधारावर सांगता?’ असे विचारू शकतो का, आणि विचारल्यावर त्याला बाहेर काढतात की दंड भरतात, हे पाहावे.