फाशांचे दान आणि घरचे नियम

पत्त्यांच्या डावात घरोघरी नियम निराळे असतात, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पाश्चात्त्य देशांत टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांतही असे 'घरचे नियम' असतात, आणि त्यांवरून होणारे वाद बहुधा एकाच गोष्टीपाशी येतात: पात्र घडवायचे कोणी, नशिबाने की खेळाडूने?

या खेळांतील आद्य मानला जाणारा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. योद्धा, जादूगार असे पात्र खेळाडू घेतो. 'डंजन मास्टर' म्हणजे सूत्रधार कथानक चालवतो आणि निवाडा करतो. ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि प्रभाव या सहा क्षमतांवर पात्र उभे राहते. आरंभी प्रत्येक क्षमतेसाठी तीन फासे टाकून त्यांची बेरीज घेतली जाई. दान वाईट पडले तर इलाज नसे. पत्त्यांचा डाव तासाभरात मोडतो. इथे एकच कथानक महिनोन्‌महिने चालते आणि पहिल्या संध्याकाळचे दुबळे दान पात्राला अखेरपर्यंत चिकटते.

यावर सर्वाधिक रुळलेला उपाय म्हणजे चार फासे टाकून सर्वांत लहान अंक सोडून देणे. गायगॅक्स यांनीच १९७९ च्या मार्गदर्शक ग्रंथात ही पद्धत दिली. तिच्यामुळे सरासरी साडेदहावरून सव्वाबाराच्या घरात जाते; १८ पडण्याची शक्यता २१६ मध्ये एकऐवजी ६२ मध्ये सुमारे एक होते. पण विषमता उरतेच. एकाचा योद्धा भीम, तर शेजारच्याचा काडीपैलवान!

दुसरा मार्ग गुणांच्या खरेदीचा. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत प्रत्येकाला २७ गुण मिळतात. क्षमता १५ वर न्यायची तर त्यांतील ९ खर्ची पडतात. न्याय होतो, मात्र सगळे योद्धे एका साच्यातले निघतात. म्हणून काही टेबलांवर प्रत्येकजण फासे टाकतो आणि पडलेल्या संचांपैकी कोणताही संच कोणीही घेऊ शकतो. तडजोड म्हणून ही युक्ती सर्वांत सरस वाटते.

वंशाचा प्रश्न अधिक नाजूक. जन्मतः अर्धा ऑर्क असलेल्या पात्राला ताकदीची वाढ ठरलेली. त्याला जादूगार करू पाहणारा खेळाडू मागे पडे. अनेक सूत्रधार ही वाढ हवी तिथे वळवू देत. २०२० मध्ये अधिकृत पुरवणीनेच तशी मुभा दिली आणि २०२४ च्या पुस्तकात ही वाढ वंशाऐवजी पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडण्यात आली. फाशांचा वाद मात्र मिटलेला नाही. चार फासे, २७ गुण किंवा १५, १४, १३, १२, १०, ८ असा ठरावीक संच हे तिन्ही मार्ग त्या पुस्तकात कायम असून निवड टेबलावरच सोपविलेली आहे.