तळाचा ठाव

मांजरा धरणात किती टक्के पाणी उरलंय, हे लातूरकर पेपर उघडला की आधी बघतात. नांदेडकरांची नजर तशीच विष्णुपुरीच्या आकड्यावर असते. हा आकडा दोन मापांवरून निघतो. पहिलं पाण्याच्या पातळीचं, ते भिंतीजवळच्या मोजपट्टीवर रोज वाचता येतं. दुसरं तळाचं. तो पाण्याखाली असतो आणि दर पावसाळ्यात गाळ साचून थोडा थोडा वर येत जातो. पातळी तीच राहिली तरी पाणी मात्र कमी मावतं.

पाण्याखालचा तळ हवेतून मोजायचं तंत्र उथळ समुद्रात, प्रवाळांच्या परिसरात वाढलं. तिथे जहाज नेणं जोखमीचं असतं, कारण खडक पाण्याखाली हात-दोन हातांवर येऊन थांबलेला असतो. ऑस्ट्रेलियाच्या नौदलाने ग्रेट बॅरियर रीफच्या भागातले नकाशे करण्यासाठी १९९३ पासून विमानातून लेझरने खोली मोजायला सुरुवात केली. या पद्धतीत साधारणपणे दोन झोत वापरतात. अवरक्त झोत पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परततो. हिरवा झोत पाण्यात शिरतो, तळाला लागतो आणि मग परततो. दोन्हींच्या परतण्यात जो वेळेचा फरक पडतो, त्यावरून खोली निघते. हवेत सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश पाण्यात सव्वादोन लाखांवर येतो. त्यामुळे एक मीटर खोलीमागे फरक पडतो तो जेमतेम ९ नॅनोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटींपैकी नऊ भागांचा. तो पकडणारी घड्याळं हाताशी आली, म्हणून हे सगळं शक्य झालं.

आता हाच हिरवा लेझर अवकाशातूनही सोडतात. अमेरिकेच्या नासा संस्थेने २०१८ मध्ये पाठवलेला आइससॅट-२ हा उपग्रह सेकंदाला दहा हजार झोत सोडतो. त्याची मोजमापं घेऊन इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी धनुष्कोडी ते तलाईमन्नारपर्यंतच्या रामसेतूच्या बुडालेल्या भागाचा तपशीलवार नकाशा २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. २९ किलोमीटरचा हा उंचवटा जवळजवळ सगळाच उथळ पाण्याखाली आहे. तिथे जहाजाने फिरून असा नकाशा करणं फार अवघड गेलं असतं.

मग हिरवा लेझर सोडणारं ते विमान मांजरावरून उडवलं तर? तिथे आपली काळी माती आडवी येते. हिरवा झोत किती खोल जाणार, हे पाणी किती नितळ आहे यावर ठरतं. पांढरी तबकडी पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजायची, ही जुनी चाचणी. लेझर साधारण तिच्या दोन-तीन पट खोल पोचतो. लक्षद्वीपच्या निळ्या पाण्यात त्यातून बरंच काही हाती लागेल. पण पावसाळ्यात गोदावरीत कोपरापर्यंत हात घाला, स्वतःचीच बोटं दिसत नाहीत. चिकणमातीचे बारीक कण प्रकाश वाटेतच विखरून टाकतात आणि तळापर्यंत काहीच पोचत नाही.

म्हणून आपल्याकडे धरणाचा तळ होडीतून मोजतात. होडीखाली ध्वनीने खोली मोजणारं यंत्र, वर जीपीएस, आणि जलाशयावर आखलेल्या समांतर रेषांवरून सावकाश फेऱ्या. ध्वनीला गढूळपणाची फारशी अडचण होत नाही. दुसरी पद्धत उपग्रहाच्या चित्रांची आहे, नाशिकची ‘मेरी’ ही संस्था ती वापरते. वेगवेगळ्या पातळ्यांना पाणी किती पसरलंय हे चित्रांत मोजायचं आणि त्यावरून साठवण काढायची. पद्धत स्वस्त आहे, पण पाणी जिथवर उतरतं तिथवरचाच तळ तिला कळतो. त्याखालचा मृतसाठा झाकलेलाच राहतो.

आणि लातूरसाठी तर तो मृतसाठाच जिवाचा. मांजराची एकूण क्षमता सुमारे २२४ दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यातला सुमारे ४७ दलघमी मृतसाठा. धरण बांधताना ही खालची जागा गाळासाठी म्हणूनही धरलेली असते. पण गाळ काही नेमून दिलेल्या जागी बसत नाही. नदी जलाशयात शिरते तिथे वेग मंदावला की जड गाळ तिथेच टाकते, म्हणून उपयुक्त साठ्याची जागाही भरत जाते. पाऊस दगा देतो तेव्हा शहर याच तळच्या पाण्यावर दिवस काढतं. २०१६ मध्ये तेही संपलं. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली, पाच लाख लिटर पाणी घेऊन.

त्या उन्हाळ्यात मांजराचा तळ उघडा पडला होता. असा तळ म्हणजे मोजणी करणाऱ्यासाठी मोठी संधी. पाणी नाही म्हटल्यावर हिरव्या झोताचीही गरज नाही. ड्रोनवरचा साधा लेझर पुरतो. वेड्या बाभळीच्या फांद्यांमधूनही त्याचे काही झोत जमिनीपर्यंत उतरतात आणि दर चौरस मीटरमागे अनेक बिंदूंची उंची मिळते. जुनं नदीपात्र कुठे बुजलं, पाणी ओसरल्यावर गाळपेर होते त्या पट्ट्यात थर किती चढला, सगळं नकाशावर येतं.

राज्यात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. धरणातला गाळ शेतात जातो ही गोष्ट दोन्हीकडून फायद्याची आहे आणि मराठवाड्यात ती जोमाने व्हायलाच हवी. पण पोकलेन उतरण्याआधी तळाची एक मोजणी आणि पोकलेन निघून गेल्यावर दुसरी, हा आग्रह लोकांनी धरायला हवा. दोन्हींमधला फरक म्हणजे खरोखर निघालेला गाळ. तो घनमीटरमध्ये कळतो, ट्रॅक्टरच्या खेपा मोजत बसावं लागत नाही.

विष्णुपुरीत हे इतकं सोपं नाही, कारण नांदेडला त्यातूनच पाणी लागतं आणि तळ सहसा पूर्ण उघडा पडत नाही. तिथे उघड्या काठांवर ड्रोन, मधल्या पाण्यात होडी, आणि दोन्ही मापं एकाच पायाभूत उंचीला जुळवायची, असं काम करावं लागेल. ते मे महिन्यात, पाणी सर्वांत खाली असताना उरकलं पाहिजे. मृगाचा पाऊस लागून नदी गाळ घेऊन आली की ड्रोनसाठी उघडे राहिलेले काठ पुन्हा पाण्याखाली जातात.