माक्याचं क्रेडिट कुणाला?

उशीवर केस, लॅपटॉपवर केस, आणि एकदा तर डब्यातल्या भाजीत! तेव्हा मात्र टेन्शन आलं. सप्टेंबरात मला डेंग्यू झाला होता आणि डिसेंबरात माझी पोनी निम्मी झाली होती.

आईने फर्मान काढलं, ‘‘ते महागडे शाम्पू बंद कर. मी माक्याचं तेल करते.’’ मंडईतून माका आला. पाला वाटून काढलेला रस लोखंडी कढईत, खोबरेल तेलात, मंद आचेवर. वर चार जास्वंदीची फुलं. तडतड थांबली की पाणी आटलं असं समजायचं, नाहीतर तेल खवट होतं. घरभर हिरवट वास. मार्चपर्यंत केस गळायचे थांबले, कपाळाशी नवे बारीक केस उभे राहिले आणि आईने अख्ख्या सोसायटीत जाहिरात केली.

या लेखासाठी त्वचारोगतज्ज्ञांना भेटले, तर त्यांनी तेलाआधी तापाची तारीख विचारली. मोठ्या तापानंतर पुष्कळ केस एकदम ‘रजेवर’ जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. बहुतेकांचं हे गळणं सहाएक महिन्यांत आपोआप थांबतं. थोडक्यात, तेल न लावताही माझे केस आले असते. (आईला अजून सांगितलेलं नाही.) गळणं थांबतच नसेल तर रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासून घ्यायचं.

माझं निभावलं. खरी गोची झाली माझ्या मित्राची. वय 29, हिंजवडीत नोकरी, कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकलेले. हे आनुवंशिक टक्कल. यात हार्मोनमुळे केसांची मुळं बारीक होत जातात आणि पार आक्रसली की परत आणणं कठीण. पठ्ठ्याने दोन वर्षं माका, मेथी, कांद्याचा रस यांत घालवली. कांद्याच्या रसाचा 2002 सालचा प्रयोग होता चाईवर, म्हणजे वेगळ्याच आजारावर. माक्याचे बरेचसे प्रयोग उंदरांवरचे. त्यातल्या त्यात रोझमेरी तेल बरं. 2015 साली इराणमध्ये अशाच टकलावर ते सहा महिने वापरलं, तेव्हा 2 टक्के मिनॉक्सिडिलच्या बरोबरीने केस वाढले. पण काहीच न लावणारा गट त्यात नव्हता, त्यामुळे मी तरी लगेच बाटली घ्यायला धावणार नाही.

मित्राने अखेर गेल्या महिन्यात डॉक्टर गाठला. आहेत ते केस टिकवू, गेलेल्यांची खात्री नाही, असं ऐकून आला. आईच्या तेलाची बाटली मात्र परत देत नाहीये. झोप छान लागते म्हणे!