हलती बुबुळे आणि वळलेली मान

गुरुजनहो, आणि घरोघरच्या आयाबापांनो, फळ्याकडे नेहमी मान वळवून पाहणारे एखादे मूल तुमच्या पाहण्यात आहे काय? खोड म्हणून आपण त्याची हनुवटी धरून तोंड सरळ करतो. पण थांबा. आधी त्याचे डोळे निरखून पहा. बुबुळे एकसारखी डावी-उजवीकडे हलत असतील, तर ती मान म्हणजे त्याने स्वतः शोधलेली युक्ती आहे.

याला नेत्रदोलन म्हणतात. डॉक्टर निस्टॅग्मस म्हणतील. जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांतच ते दिसू लागते. अशा पुष्कळ मुलांची नजर एका ठराविक बाजूला गेली की हालचाल मंदावते आणि अक्षर स्पष्ट होते. समजा, ही शांत जागा डावीकडे आहे. मग समोरचे पाहण्यासाठी मूल तोंड उजवीकडे वळवते व डोळे डावीकडे नेते. तोंड सरळ केलेत, की बिचाऱ्याचा फळा पुसट झालाच!

ही शांत जागा समोर आणणे, हा शस्त्रक्रियेचा हेतू. कासरा एका अंगाने ढिला सोडून दुसऱ्या अंगाने ओढला की बैल वळतो. डोळ्यालाही आडवे वळवणारे असे दोन स्नायू असतात. १९५३ साली ऑस्ट्रेलियाचे अँडरसन यांनी शांत जागेकडे ओढणारे स्नायू, प्रत्येक डोळ्यातला एक, मागे सरकवून ढिले केले. त्याच साली न्यूयॉर्कच्या केस्टनबाउम यांनी चारही स्नायूंना हात घातला. दोन ढिले, दोन आखूड. १९७३ साली पार्क्स यांनी मापे बसवली: एका डोळ्यात ५ मिलिमीटर मागे व ८ आखूड, दुसऱ्यात ७ मागे व ६ आखूड. बेरीज दोन्हीकडे १३. गणिताच्या गुरुजींना आवडावा असा हिशोब!

मान थोडी वळत असेल तर अँडरसनची रीत मला सरस वाटते, कारण कापून टाकलेला स्नायू परत येत नाही. मान फार वळत असेल तर मात्र चौघांवाचून भागत नाही. मग एका बाजूला नजर थोडी कमी फिरते. तिसरी रीत अलीकडची, अमेरिकेतल्या डेलॉसो यांनी सुचवलेली. तीत स्नायू सोडवून त्याच जागी पुन्हा शिवतात. मान न वळवणाऱ्यांसाठी ती आहे. लाभ होतो, पण बेताचाच.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. यांतल्या कोणत्याही रीतीने नेत्रदोलन मुळातून जात नाही. मान सरळ होते, पाहणे सोपे होते, पण चष्मा लागत असेल तर तो लागतोच. आणि मोठेपणी एकाएकी डोळे हलू लागले, तर तो आजार निराळा. तिथे दिवस घालवू नका.

परंड्याचे असो की उमरग्याचे, अशा मुलाचे नाव शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला जरूर सांगा. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. तोवर तोंड उजवीकडे वळवणाऱ्या मुलाला वर्गात उजव्या अंगाला, पुढे बसवा; फळा आपोआप त्याच्या डाव्या हाताला येईल.